थकलेले हृदय आणि बिरवाडीचा धडा

आष्टा किंवा त्याच्या पंचक्रोशीतील कोणत्याही गावात एखादा मनुष्य अचानक गेला, की दुसऱ्या दिवशी चौकात, शाळेच्या शिक्षककक्षात, बँकेच्या खिडकीपाशी एकच वाक्य ऐकू येते: ‘हार्ट फेल झालं.’ ऐकणारा मान हलवतो आणि विषय संपतो. मृत्यूचे कारण सांगितल्याचे समाधान सांगणाऱ्याला मिळते आणि ते कळल्याचे समाधान ऐकणाऱ्याला मिळते. वस्तुतः या वाक्याने काहीच सांगितलेले नसते. प्रत्येक मृत्यूत हृदय शेवटी थांबतेच.

त्याच गावात, त्याच गल्लीत दुसरे एक दृश्य असते. साठीच्या आसपासचा एखादा निवृत्त कारकून रात्री आडवे झाले की गुदमरतो, म्हणून दोन-तीन उशांना टेकून बसल्याबसल्या झोपतो. संध्याकाळी त्याच्या पायातली चप्पल घट्ट होते. पूर्वी तो एस. टी. स्थानकापर्यंत सहज चालत जाई, आता निम्म्या वाटेत थांबतो. घरची माणसे म्हणतात, दमा असेल. शेजारी म्हणतात, वय झाले. खरे पाहता वैद्यकशास्त्र ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणते, तो विकार याच मनुष्याला झालेला असतो. त्याचे हृदय बंद पडलेले नाही. ते थकले आहे आणि शरीराला लागेल तितके रक्त त्याला पुरवता येत नाही. जो गेला त्याला आपण हे नाव देतो आणि जो अजून वाचवता येण्यासारखा आहे, त्याला मात्र देत नाही. हा घोटाळा केवळ भाषेचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या चुकीच्या नावामुळे माणसे उशिरा दवाखान्यात जातात आणि लवकर मरतात, म्हणून त्याचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एका शब्दात कोंबल्या आहेत. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा काही भाग मरतो, तो हृदयविकाराचा झटका. हृदयातील विजेची लय बिघडून ते एकाएकी थांबते, ते अकस्मात हृदय बंद पडणे. आणि स्नायू हळूहळू दुर्बल किंवा ताठर होऊन काम पेलेनासा होतो, ती हृदयाची दुर्बलता. पहिल्या दोन्हींना मिनिटांचा हिशेब असतो. तिसरीला महिन्यांचा आणि वर्षांचा असतो. म्हणूनच तेथे शहाणपणाला आणि व्यवस्थेला वाव आहे.

न झिजणारा, पण न भरून येणारा स्नायू

मुठीएवढे हे इंद्रिय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही दर मिनिटाला पाच लिटरांच्या आसपास रक्त ढकलते. त्याच्या प्रत्येक पेशीत अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कॅल्शियमचा इशारा मिळताच ते परस्परांवरून सरकतात आणि पेशी आखडते. इशारा ओसरला की सैल होते. अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की भरताना हृदय जितके ताणले जाते, तितक्या जोराने ते पुढच्या ठोक्याला आखडते. आलेल्या कामाप्रमाणे स्वतःचा जोर वाढवणारे असे यंत्र माणसाने क्वचितच बनवले असेल.

परंतु या यंत्रात एक मोठी उणीव आहे. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. हृदयाचा मेलेला स्नायू मात्र जवळजवळ भरून येत नाही. हे सिद्ध कसे झाले ती कथा विलक्षण आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुबॉम्बचे स्फोट केले. त्यातून हवेत मिसळलेला किरणोत्सर्गी कार्बन अन्नावाटे माणसांच्या शरीरात गेला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचे वय ठरवण्याची युक्ती स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी योजली आणि २००९ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे एक टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. तात्पर्य, जन्मभरात निम्म्या पेशीही बदलल्या जात नाहीत. ज्या भांडवलावर आयुष्य काढायचे, ते बहुतांशी जन्मतःच मिळालेले असते. ते कोण खर्च करते? वाढलेला रक्तदाब करतो, मधुमेह करतो, तंबाखू करते, बुजलेल्या रक्तवाहिन्या करतात. आणि घशाच्या साध्या दुखण्यातून उद्भवणारा संधिवाताचा ताप लहानपणीच हृदयाच्या झडपा बिघडवून ठेवतो.

मुंबईचा प्रयोग आणि कोकणातला दवाखाना

हृदयाविषयीच्या संशोधनाचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे झगझगीत दालन उभे राहते. डिसेंबर १९६७मध्ये ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत पहिले हृदयारोपण केले आणि अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तोच प्रयोग केला. रुग्ण काही तासच जगला. पण जगातील अगदी पहिल्या हृदयारोपणांपैकी एक आपल्या महानगरपालिकेच्या रुग्णालयात झाले, ही गोष्ट अभिमानाची होती व आहे. भारतात हृदयारोपण यशस्वी होण्यास मात्र त्यानंतर सव्वीस वर्षे लागली. ते ऑगस्ट १९९४मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाले.

या मधल्या काळात महाराष्ट्रात हृदयाच्या स्नायूविषयी एक वेगळे संशोधन झाले. ते झगझगीत नव्हते. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातून आलेले हे डॉक्टर म्हणजे हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती आणि मरणाऱ्यांत मुले पुष्कळ होती. दंशानंतर वांत्या, घामाच्या धारा, हातपाय थंड पडणे, मग धाप, तोंडाला गुलाबीसर फेस आणि काही तासांत मृत्यू असा क्रम असे. गावात मंत्र आणि उतारा चाले. दवाखान्यातही निश्चित असा उपचार नव्हता. झोपेची, उलटीची, सुजेची औषधे एकत्र करून दिली जात. विंचवाच्या दंशानंतर फुफ्फुसांत पाणी साचते, हे निरीक्षण डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवले होते. परंतु ते साचते कसे आणि थांबवावे कसे, याचे उत्तर बाकी होते.

बावस्करांपाशी यंत्रे नव्हती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास आणि हातापायांचा गारवा यांची पुन्हा पुन्हा नोंद ठेवली. त्या नोंदींतून एक क्रम उलगडत गेला. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडीच राहतात आणि शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. त्याने शरीरभर लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयावर अतोनात भार पडतो. त्यातच विषाने स्नायूही दुखावलेला असतो. डावे हृदय हार खाते, मागे रक्त तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. म्हणजे विंचू चावलेला मुलगा शेवटी मरत होता तो हृदयाच्या तीव्र दुर्बलतेने! साठीतल्या कारकुनाला जो विकार वर्षानुवर्षांत होतो, तोच येथे एका रात्रीत घडत होता.

१९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात बावस्करांनी या दंशाची हृदयविषयक पूर्वचिन्हे मांडली. भार हेच मूळ असेल, तर उपचार भार उतरवण्याचा हवा. आधी त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिले. ते गुणकारी होते. पण त्याला अखंड पाळत लागते आणि आडगावात ती कोठून आणणार? मग त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही स्वस्त गोळी नेमक्या त्याच ठिकाणी काम करते, जेथे अॅड्रिनॅलिनचा लोंढा रक्तवाहिन्या आवळतो. १९८६ साली हा उपचारही ‘लॅन्सेट’मध्ये आला. या कामात डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची साथ होती आणि अनेक निबंधांवर दोघांचीही नावे आहेत. त्यांच्या नोंदींप्रमाणे प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के दगावत. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. याच दांपत्याने पुढे महाडमध्ये सत्तर रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले. २०२२ साली डॉ. बावस्करांना ‘पद्मश्री’ मिळाली.

मोटार नव्हे, व्हॉल्व्ह पाहा

बिरवाडीचा धडा विंचवापुरता नाही, आणि तो वाळवे तालुक्यातील शेतकऱ्याला चटकन समजेल. कृष्णेवरून पाणी उचलून मैल-दोन मैल पाइपलाइनने माळावर नेणारा शेतकरी जाणतो, की वरच्या टोकाचा व्हॉल्व्ह निम्मा मिटला असेल, तर खाली अधिक अश्वशक्तीची मोटार बसवून उपयोग नाही. ती तापेल आणि जळेल. आधी व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. वैद्यकशास्त्राला मात्र हे हृदयाच्या बाबतीत मान्य करण्यास फार काळ लागला. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसचे गुण वर्णिले, तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षे थकल्या हृदयाला जोर आणणारे औषध शोधणे हाच प्रधान विचार होता. थकलेल्या बैलाला चाबूक मारण्याचाच तो प्रकार होता.

उलट विचार करणाऱ्यांची उपेक्षा झाली. १९७५ साली स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे फिन वॉगस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयस्नायूच्या विकाराने खंगलेल्या सात रुग्णांना चक्क हृदय मंद करणारी औषधे, म्हणजे ‘बीटा ब्लॉकर’, दिली आणि ते सुधारले, असे लिहिले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने हा जवळजवळ अपराध होता. दुबळ्या हृदयाचा उरलासुरला जोरही काढून घ्यायचा? पण अॅड्रिनॅलिनचा सततचा मारा सुरुवातीला मदत करतो आणि पुढे तोच स्नायूला जाळतो, हे हळूहळू सिद्ध झाले. १९९९ साली मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हा कोठे हे औषध सर्वमान्य झाले. या मान्यतेला चोवीस वर्षे लागली.

दुसरी वाट सापडली ती सापाच्या विषातून. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषावर काम करताना सर्जिओ फरेरा यांना रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्याचा सुगावा १९६०च्या दशकात लागला. त्याच धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे औषध घडले व १९८१ साली बाजारात आले. १९८७ साली त्याच जातीच्या एनालाप्रिलने हृदयाच्या तीव्र दुर्बलतेतील मृत्यू घटतात, हे स्कँडिनेव्हियातील चाचणीने दाखवले. हृदय कमी पडू लागले की शरीर मीठ व पाणी साठवते आणि वाहिन्या आवळते. रक्तस्राव झालेल्या आदिमानवासाठी ही प्रतिक्रिया प्राण वाचवणारी होती. थकल्या हृदयाला मात्र ती मारक ठरते. शरीराची ही धावपळ शांत करणे, हेच आजच्या उपचाराचे सूत्र आहे. विंचवाच्या विषाने जे एका रात्रीत दिसले, ते येथे मंद गतीने घडत असते.

वारशाचा प्रश्न

आणखी एक शोध आपल्या दाराशी येऊन थांबतो. हृदयस्नायूतील मायोसिनला जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. हा दोष भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, असे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. थंगराज, तसेच डॉ. धंडपाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले. शंभर माणसांच्या सभेत चौघे, असा याचा अर्थ. असा दोष असणाऱ्यांत उतारवयाकडे झुकताना हृदयस्नायूच्या विकाराचा संभव वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. हा दोष असूनही पुष्कळजण निरोगी राहतात आणि जोडीला दुसरा एखादा जनुकबदल असेल, तर धोका वाढतो, असे दिसते. तेव्हा घाबरून जनुकतपासणीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात बाप, चुलता किंवा भाऊ चाळिशी-पन्नाशीत ‘हार्ट फेल’ होऊन गेला, त्या घरातील मुलांनी डॉक्टरांना ही गोष्ट सांगणे आणि हृदयाचा ‘इको’ एकदा करून घेणे एवढे शहाणपण पुरेसे आहे. आपल्या घराण्यांत सोयरिकीसाठी सात पिढ्यांची माहिती काढतात. आजोबा कशाने गेले, हे मात्र कोणी विचारत नाही.

गोळी स्वस्त, साखळी तुटलेली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्ञान आहे, औषधे आहेत. मग आष्ट्याचा तो कारकून उशांना टेकून का बसला आहे? देशातील त्रेपन्न रुग्णालयांनी मिळून दहा हजार आठशेहून अधिक रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद केली, तिच्यात हृदयाच्या दुर्बलतेच्या रुग्णांचे सरासरी वय साठ वर्षांच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या पुढे असते. म्हणजे आपली माणसे दहा-बारा वर्षे आधी, अजून घर चालवत असतानाच, या आजारात सापडतात. दाखल झाल्यापासून तीन महिन्यांत त्यांतील सुमारे चौदा टक्के दगावली. केरळमधील तिरुवनंतपुरमच्या नोंदीत पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावले. कित्येक कर्करोगांपेक्षा हा आकडा भयंकर आहे. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की ज्यांचे हृदय दुर्बल झाल्याचे निश्चित झाले होते, त्यांतील निम्म्यांनाही शास्त्राने सांगितलेली सर्व औषधे मिळत नव्हती.

ही औषधे आज दुर्मिळ नाहीत. बीटा ब्लॉकर व एनालाप्रिलसारखी औषधे कित्येक वर्षे स्वस्तात मिळतात. मधुमेहासाठी निघालेले डॅपाग्लिफ्लोझिन हृदयाच्या दुर्बलतेतही प्राण वाचवते, हे २०१९ साली सिद्ध झाले. २०२०च्या अखेरीस भारतात त्याच्या पेटंटची मुदत संपली, तशी अनेक कंपन्यांनी ते काढले आणि किंमत झपाट्याने उतरली. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, हेही स्वागतार्हच. तथापि, आपल्या आरोग्ययोजनांचा तोल कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आहे. बुजलेली वाहिनी उघडण्याच्या खर्चाचा भार ती उचलते. परंतु ती उघडल्यावर रुग्ण घरी येतो आणि त्याला जन्मभर रोज तीन-चार गोळ्या घ्यावयाच्या असतात, त्यांचे काय? शस्त्रक्रिया एका दिवसाची आणि गोळी रोजची. योजना मात्र त्या एका दिवसाची आहे.

खर्चाच्या या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न येतो, तो साखळीचा. आष्ट्याहून मिरज तीस-एक किलोमीटरांवर. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज ही दक्षिण महाराष्ट्राची वैद्यकनगरी आहे. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात. निदान तेथे होते, चिठ्ठी तेथून मिळते. पण महिन्याने गोळ्या संपतात, सूज उतरलेली असते, बरे वाटत असते. आणि रुग्ण गोळ्या बंद करतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. ती अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते व महिन्याभरात तो पुन्हा खाटेवर येतो. २०१९च्या महापुरात कृष्णेने सांगलीला वेढा घातला, तेव्हा ज्यांची रोजची औषधे घरात राहिली, त्यांच्या काळजीची तर कल्पनाच केलेली बरी. या रुग्णाला गरज असते ती कोणीतरी महिन्याला विचारण्याची: वजन किती, गोळ्या आहेत का, रात्री उशा किती लागतात?

हे अशक्य आहे काय? शेजारच्या साताऱ्याकडे पाहावे. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्याची रीत साधी होती: ठरावीक औषधांचा ठरावीक क्रम, ती औषधे गावाजवळ उपलब्ध, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला, तेव्हा औषध सापडणे हीच मोठी गोष्ट होती. आज ते महिन्याच्या महिन्याला माणसाच्या हाती पडणे ही मोठी गोष्ट आहे. रक्तदाबाला लावलेली हीच रीत थकल्या हृदयालाही लावता येईल. तालुक्याच्या ठिकाणी इकोची सोय आठवड्यातून ठरावीक दिवशी असावी, मिरजेत निदान झालेल्या रुग्णाचे नाव त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळावे, आणि त्याच्या गोळ्या तेथेच मिळाव्यात, एवढीच मागणी आहे.

यावर एक आक्षेप येईल. डॉक्टर गावात राहायला तयार नाहीत, यंत्रे धूळ खात पडतात, मग कागदावर योजना कशाला? आक्षेप खोटा नाही. परंतु त्याला उत्तर म्हणून बिरवाडीचे नाव घेताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बावस्करांनी साधनांवाचून काम केले, म्हणून साधने नसली तरी चालते, असा अर्थ काढणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. एका माणसाची तपश्चर्या ही शासनाच्या अनास्थेची सबब होऊ शकत नाही. बिरवाडीने सिद्ध केले ते वेगळेच. उत्तर शोधण्यासाठी लागणारी नजर आडगावातही असू शकते आणि नेमके कारण कळले, की उपाय एका स्वस्त गोळीतही सापडू शकतो. अशी नजर असलेल्या माणसाला नोंदवही, औषधसाठा आणि सहकारी देणे हे मात्र व्यवस्थेचे काम आहे.

शिक्षक, कारकून व विद्यार्थी या वर्गाने यात करावयाचे काम लहान आहे, पण परिणामकारक आहे. घरात कोणाला आडवे झाल्यावर धाप लागत असेल, रात्री गुदमरून जाग येत असेल, पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ‘वय झाले’ हा शब्द उच्चारू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ज्याला हा आजार जडला आहे, त्याचे वजन रोज सकाळी करावे आणि दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर अंगात पाणी साठत आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. पापड, लोणचे, वरचे मीठ आवरावे. मिश्री आणि तंबाखू सोडावी. वेदनाशामक गोळी विचारल्यावाचून घेऊ नये आणि बरे वाटते म्हणून हृदयाची गोळी तर कधीच थांबवू नये. बरे वाटते आहे ते तिच्यामुळेच. आणि याच हंगामी भागात ऊसतोडणीची कुटुंबे कोप्यांतून जमिनीवर झोपतात. त्यांच्यातील मुलाला विंचू चावला, तर उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठण्याचे त्यांना शाळामास्तरांनीच सांगितले पाहिजे. मुलाच्या हातापायांना गारवा आणि अंगाला घाम आला म्हणजे त्याच्या हृदयावर भार पडू लागला आहे, हे ज्ञान आता पन्नास वर्षांच्या घरात पोचले आहे.

तेव्हा चौकातले ते वाक्य बदलण्यापासून आरंभ करावा. ‘हार्ट फेल झालं’ हे निकालाचे वाक्य आहे. त्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही. ‘हृदय थकलंय’ असे म्हटले, की त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो: मग त्याचा भार कमी कसा करायचा? हा प्रश्न बिरवाडीच्या डॉक्टरांनी विंचू चावलेल्या मुलांच्या खाटेशी बसून विचारला, म्हणून पुढची मुले वाचली. उशांना टेकून बसलेल्या आष्ट्याच्या त्या गृहस्थाविषयी तो अजून कोणी विचारलेला नाही.